आधी केटामाइन, मग ऑक्सिजन, मग ट्यूब: माझा अनुभव

कॅज्युअल्टीत नाईट करणाऱ्या ज्युनियर लोकांसाठी लिहितेय, कारण पेशंट मास्कच लावू देत नाही तेव्हा काय करायचं हे मला पहिल्यांदा एका सिनियर मॅडमनी शेजारी उभं राहून शिकवलं, सगळ्यांना तशी संधी मिळतेच असं नाही.

पन्नाशीचे काका, दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया, सॅच्युरेशन ७८, घामाने भिजलेले आणि मास्क ओढून फेकतायत, बेडवरून उतरायला बघतायत. मुलगा सारखा "पप्पा, ऐका ना" करतोय. कोणीतरी म्हणालं हात बांधा, कोणी म्हणालं झोपेचं मिडाझोलाम द्या. मॅडम म्हणाल्या नको, त्याने आहे तो श्वासही कमी होईल, हे भांडत नाहीयेत गं, यांच्या मेंदूला ऑक्सिजन पोचत नाहीये. आणि ७८ वर थेट श्वास थांबवणारं औषध देऊन श्वासनलिकेत ट्यूब टाकायला गेलं की हातात वेळच उरत नाही, सॅच्युरेशन धडाधड खाली येतं आणि हार्टच थांबू शकतं.

मग केटामाइन, म्हणजे भान घालवणारं पण श्वास सहसा चालू ठेवणारं भुलीचं औषध. किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे काकांना ६० मिलिग्रॅम, डायल्यूट करून सावकाश. घाईत ढकललं तर यानेही श्वास थांबू शकतो, म्हणून सुई लावायच्या आधीच सक्शन चालू, ट्यूबचा कफ तपासलेला, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी) हाताशी, हाताने श्वास द्यायची अँबू बॅग जोडलेली, स्नायू लुळे करून श्वास थांबवणारं रोक्युरोनियम भरून ठेवलेलं. बीपी ९२/५६ होतं म्हणून ते वाढवणारं नॉरअ‍ॅड आधीच सुरू केलं. केटामाइनने बीपी वाढतं हे आपण पाठ केलेलं असतं, पण दमून गेलेल्या, शॉकमधल्या पेशंटचं खालीही येऊ शकतं, हे मात्र विसरू नका.

मिनिटभरात काका शांत झाले. डोळे उघडे, नजर कुठेतरी लागलेली, बुबुळं थोडी हलतायत, आणि श्वास चालूच! हे बघून मुलगा घाबरला, त्याला सांगितलं की डोळे उघडे असले तरी त्यांना आता त्रास जाणवत नाहीये. नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. डोक्याकडची बाजू उचलली, नाकात ऑक्सिजनच्या नळ्या (प्राँग्ज) १५ लिटरवर आणि वर मास्क, तरी ८८ च्या पुढे जाईना, मग सीपॅपचा (दाबाने ऑक्सिजन देणारा) घट्ट मास्क लावला, जो मघाशी त्यांनी सेकंदभरही ठेवू दिला नव्हता. ९६ झालं. पूर्ण तीन मिनिटं तसंच ठेवलं आणि मग रोक्युरोनियम किलोला १.२ मिलिग्रॅम, एक मिनिट थांबून ट्यूब, प्राँग्ज नाकातच. कॅप्नोग्राफवर (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) लाट दिसली, म्हणजे ट्यूब बरोबर जागी, तेव्हा कुठे मी नीट श्वास घेतला.

या पद्धतीवर अमेरिकेतले इमर्जन्सी डॉक्टर स्कॉट वाइनगार्ट आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास आहे, ६२ पेशंट, सरासरी सॅच्युरेशन ८९.९ वरून ९८.८. अभ्यास छोटाच आहे, आणि ट्यूब अवघड जाणार असं दिसत असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच बोलवा, एकट्याने धाडस नको.

ट्यूब गेली की सगळे निवांत होतात, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे. केटामाइनचा असर १०-२० मिनिटांत उतरतो, रोक्युरोनियम त्याहून बराच जास्त वेळ चालतं, म्हणजे पेशंट जागा पण बोट हलवता येत नाही. वेदना आणि झोपेसाठी फेंटॅनिल-मिडाझोलामचं इन्फ्युजन ट्यूब फिक्स करतानाच सुरू करा, आता व्हेंटिलेटर आहे त्यामुळे श्वास कमी झाला तरी चालतं.

आणि केटामाइन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत) आहे, म्हणून कुलपात असतं. ड्युटीला आल्या आल्या सिस्टरांना विचारून घ्या किल्ली कोणाकडे आहे, पहाटे तीनला शोधाशोध करायला वेळ नसतो.