वळण न सोडणारी गाडी

मे महिन्यातल्या एका दुपारी पारोळ्याचे एक वयस्क शेतकरी आपली हॅचबॅक घेऊन जळगावला आमच्या गॅरेजमध्ये आले आणि "भाऊ, गाडी मन्हं आयकतच नही," एवढेच म्हणाले. त्यांच्याजवळ अलाइनमेंटच्या छापील चिठ्ठ्यांचा जुडगा होता आणि त्यांतले सगळे आकडे मर्यादेत होते. चाकांचे बॅलन्सिंग झाले होते, टायरही मागचे पुढे करून झाले होते. शेवटी एका ठिकाणी त्यांना स्टेअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत नेणारी अख्खी स्टेअरिंग रॅक बदलण्याचा खर्च सांगण्यात आला होता.

ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल, तर आम्ही बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम तपासतो. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल, तर टायर, अलाइनमेंट किंवा अडकून राहिलेला ब्रेक. या गाडीत दोन्हींपैकी काहीच नव्हते. म्हणून त्या शेतकरी आप्पांना शेजारी बसवून मी गिरणेवरचा पूल ओलांडला आणि पाळधीच्या दिशेने धुळे महामार्गाला, म्हणजे पूर्वीच्या 6 व आताच्या 53 क्रमांकाच्या रस्त्याला लागलो. डावे वळण संपल्यावर गाडी डावीकडेच जात राहिली आणि उजव्या वळणानंतर उजवीकडे. प्रत्येक वेळी चाक हाताने सरळ करावे लागत होते, ते किंचित जास्त होई आणि गाडी दुसऱ्या बाजूला निघे. समोरून केळीचा ट्रक आला की आप्पा सीटची कड घट्ट धरत.

आतापर्यंत सर्वांनी ढिला सांधा शोधला होता, कारण भरकटणाऱ्या गाडीत बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारा सांधा, किंवा चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश गेलेले असते. इथे मात्र कुठेतरी काहीतरी आखडलेले असावे, असे मला वाटले. वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात ती, ज्या अक्षाभोवती चाक वळते त्याच्या मागच्या कलामुळे, म्हणजे कॅस्टरमुळे, आणि आतल्या बाजूच्या कलामुळे. चाकासोबत वळणाऱ्या सांध्यांत घर्षण फार वाढले, तर चाक सोडाल तिथेच थांबते. अलाइनमेंटचे यंत्र कोन मोजते, घर्षण मोजत नाही, त्यामुळे त्या चिठ्ठ्या खऱ्या असूनही निरुपयोगी होत्या.

परतल्यावर मी आप्पांना विचारले, "हा त्रास सुरू होण्याआधी कोणते काम केले होते?" दिवाळीत पुढचे दोन्ही शॉकअप बदलले होते. बिलात शॉकअप होते, पण वरच्या माउंटचे बेअरिंग, म्हणजे चाक वळताना शॉकअप आणि त्याची स्प्रिंग ज्यावर फिरतात ते, नव्हते. काही शे रुपये वाचवण्यासाठी जुने बेअरिंग परत बसवायची ही सवय आमच्या धंद्यात सर्रास आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही, कारण शॉकअप उतरवलेलाच असतो आणि वेगळी मजुरी जवळपास लागत नाही.

गाडी उचलून तपासले असते, तर बेअरिंगवरचा भार कमी होऊन दोष लपण्याची शक्यता होती. म्हणून पुढची चाके अलाइनमेंटच्या फिरत्या तबकड्यांवर ठेवली, दोन्ही टाय रॉड एंड सोडवले आणि एकेक चाक हाताने वळवले. उजवे सहज वळून वळेल तिथे राहिले. डावे मात्र जड जात होते आणि सोडताच उसळून मागे येत होते. आतून स्प्रिंगवर बोटे टेकवून गॅरेजमधल्या मुलाला चाक वळवायला सांगितले, तेव्हा स्प्रिंग आधी पिळली गेली आणि मग 'टण्' करून सुटली. लोअर आर्मचा बॉल जॉइंटही आखडून असाच त्रास देतो, पण पिळणारी स्प्रिंग सरळ वरच्या बेअरिंगकडे बोट दाखवत होती. उघडल्यावर आत ग्रीसऐवजी गंज आणि वाळलेल्या काळ्या मातीचा थर निघाला.

उजवीकडचे अजून चालत होते, तरी दोन्ही बदलली. स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअप, उतरवल्यामुळे टो, म्हणजे चाकांची तोंडे आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, पुन्हा जुळवून घेतला आणि त्याच रस्त्याने एक फेरी मारली. वळण संपताच स्टेअरिंग हातातून आपसूक मध्यावर आले. रॅकला हात लावावा लागला नाही. मात्र एवढे महिने तिरपे घासल्याने टायरच्या कडा करवतीसारख्या झाल्या होत्या आणि त्यांची घरघर तशीच राहिली. ते टायर पावसाळ्याआधी बदला, असे सांगून मी आप्पांना गाडी दिली.