आमची वाटचाल : पाणथळाच्या शेजारी परसातील कोंबडी

निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयापासून फार दूर नसलेल्या गावात आमचा पिल्ले वाढवण्याचा छोटा व्यवसाय आहे. उबवणी केंद्रातून गिरिराज आणि कावेरी जातीची एक दिवसाची पिल्ले आणायची, सहा आठवडे ऊब, खाद्य आणि लसी देऊन ती धट्टीकट्टी करायची आणि परसात पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांना विकायची, एवढेच त्याचे मूळ स्वरूप होते. आज त्याच्या जोडीला आम्ही जाळीची खुराडी बनवून देतो, वस्त्यांवर लसीकरणाची फेरी काढतो आणि हिवाळा सुरू होण्याआधी प्रत्येक जुन्या ग्राहकाच्या परसाची पाहणी करतो. ही कामे आमच्याकडे आली ती बर्ड फ्लूमुळे.

आम्ही 2012 मध्ये कर्जासाठी बँकेत गेलो, तेव्हा साहेबांनी पहिला प्रश्न नवापूरचा विचारला होता. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नोंदला गेला, लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या आणि राज्यभर अंडी-चिकनची मागणी कोसळली. नवापुरात मोठमोठे पोल्ट्री फार्म होते, म्हणून हा मोठ्या व्यावसायिकांचा रोग आहे अशी समजूत अनेकांनी करून घेतली. परंतु पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत घरगुती कोंबड्यांमध्ये हाच रोग आढळला. परसातली कोंबडी या संकटाच्या बाहेर नाही हे तेव्हाच सिद्ध झालेले होते, आणि आमचा सगळा ग्राहक परसातलाच होता.

नवापूरच्या घटनेतील एक बाब आम्हाला फार महत्त्वाची वाटत आली आहे. तेथे सुरुवातीची मरतूक राणीखेतमुळे होत असावी असे समजले गेले होते. राणीखेत, म्हणजे खेड्यातली मानमोडी, आणि बर्ड फ्लू यांची बाह्य लक्षणे बरीच मिळतीजुळती असतात : कोंबडी एकाएकी मलूल होते, दाणा सोडते, हिरवट हगवण लागते, श्वास घेताना घरघर होते आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. बर्ड फ्लूमध्ये तुरा व गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळसर पडणे, डोके व चेहरा सुजणे, पायांच्या खवल्यांखाली रक्त साकळणे ही लक्षणे अधिक दिसतात, तरीही प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय निश्चित निदान कोणी करू शकत नाही. ज्या गावात दरवर्षी मानमोडीने कोंबड्या मरतात, त्या गावात बर्ड फ्लू आला तरी लोक ‘यंदाही मर आली’ एवढेच म्हणतात, आणि दोन-चार दिवस तसेच निघून जातात. आपल्याकडे बर्ड फ्लूच्या घातक प्रकाराविरुद्ध कोंबड्यांना लस दिली जात नाही. राणीखेतविरुद्ध मात्र स्वस्त आणि चांगली लस उपलब्ध आहे. म्हणून आम्ही ठरवले, की आपल्या ग्राहकांच्या कोंबड्यांमध्ये मानमोडी उरताच कामा नये, म्हणजे अचानक मरतूक झाली तर ती असाधारण आहे हे घरच्या माणसाला त्याच दिवशी कळेल.

आमच्याकडून पिल्लू बाहेर पडते तेव्हा त्याला मरेक्स व गंबोरो या विषाणूजन्य रोगांच्या लसी आणि राणीखेतची लासोटा ही लस मिळालेली असते. त्यानंतर आठव्या आठवड्याच्या सुमारास द्यायची राणीखेतची आर-टू-बी लस मात्र ग्राहकाच्या दारातच द्यावी लागते. येथे एक व्यावहारिक अडचण असते. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांसाठी असते, ती बर्फात ठेवून न्यावी लागते आणि एकदा विरघळवली की थोड्याच वेळात संपवावी लागते, त्यामुळे दहा कोंबड्या असलेल्या घराला ती परवडत नाही आणि उरलेली वाया जाते. यावर उपाय म्हणून आम्ही वस्तीतील बचत गटाच्या ताईंशी बोलून संपूर्ण वस्तीचा एक दिवस ठरवू लागलो. पहाटे कोंबड्या सोडण्यापूर्वी पोहोचायचे, ज्यांनी पिल्ले आमच्याकडून घेतली नाहीत त्यांच्याही कोंबड्यांना टोचायचे, आणि पैसे पक्ष्यामागे मोजून घ्यायचे. या फेरीत नफा जवळजवळ नाही. पण शेजारच्या घरातली कोंबडी निरोगी नसेल तर आमच्या ग्राहकाची कोंबडीही सुरक्षित राहत नाही.

2020 च्या प्रारंभी कोंबडीमुळे कोरोना होतो ही निराधार अफवा पसरली आणि आमच्यासारख्या अनेकांचे व्यवसाय बंद पडण्याच्या बेतास आले. त्यातून सावरत असतानाच जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथील कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जाऊन तेथे बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट झाले, आणि मग राज्याच्या इतर जिल्ह्यांतूनही तशाच बातम्या येऊ लागल्या. निफाडमध्ये काही घडलेले नव्हते. तरीही आम्ही नवीन पिल्ले आणणे आणि असलेल्या पिल्लांची विक्री दोन्ही थांबवले, घेतलेल्या आगाऊ रकमा ज्यांना हव्या त्यांना परत केल्या आणि शेडच्या फाटकाला कुलूप लावले. गावोगाव पिल्ले पोहोचवणारी आमची गाडी हाच रोगाचा सर्वांत सोपा रस्ता ठरू शकला असता. रिकाम्या झालेल्या त्या आठवड्यांत आम्ही ग्राहकांशी फोनवर बोललो, वस्तीबाहेर उभे राहून खुराडी कशी झाकायची ते सांगितले, आणि आजच्या व्यवसायाची घडी तेथेच बसली.

आमच्या भागाचे वैशिष्ट्य येथे सांगायला हवे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळील नांदूरमध्यमेश्वरला जानेवारी 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली. हिवाळ्यात येथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे असंख्य स्थलांतरित पक्षी उतरतात. पाणबदके या विषाणूची नैसर्गिक वाहक आहेत, आणि त्यांच्यापैकी काही स्वतः आजारी न दिसता विष्ठेवाटे तो पसरवू शकतात. त्यात निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, आणि थंड पाण्यात व ओल्या विष्ठेत हा विषाणू उन्हाळ्यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकून राहतो. परंतु म्हणून त्या पक्ष्यांना हाकलावे किंवा त्यांच्याकडे वैऱ्यासारखे पाहावे, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. ते आमच्या आधीपासून येथे येत आहेत. आपली कोंबडी आणि त्यांचे पाणी यांची गाठ पडू न देणे हे आपले काम आहे. शिवाय एका गावातून दुसऱ्या गावात रोग नेणारे हात बहुधा माणसाचेच असतात : बाजारातून न विकता परत आणलेली कोंबडी, दुसऱ्याच्या खुराड्यातून आलेल्या चपला, अंड्यांचे न धुतलेले ट्रे, व्यापाऱ्याचे पिंजरे.

खुराड्याची आमची रचना याच विचारातून घडली. वर पत्रा किंवा जाड ताडपत्री असावी, कारण नुसती जाळी किंवा शेडनेट वरून पडणारी विष्ठा अडवत नाही. बाजूंना चिमणीही शिरणार नाही एवढ्या बारीक भोकांची जाळी असावी. आणि दाण्याची व पाण्याची भांडी छपराखालीच असावीत. अंगणात दाणे फेकून कोंबड्यांना बोलावण्याची आपली जुनी पद्धत आहे, आणि ती सोडवणे सर्वांत कठीण गेले, कारण त्या दाण्यांवर कावळे, साळुंक्या आणि पारवेही येतात हे ठाऊक असूनही कोणाला त्यात धोका दिसत नाही. पाणी विहिरीचे किंवा नळाचे द्यावे, जलाशयाच्या फुगवट्याचे किंवा पाटाचे देऊ नये. खुराड्यात जाताना घालायच्या चपला वेगळ्या ठेवाव्यात आणि त्या खुराड्याच्या दारातच राहाव्यात. आमच्या मते एवढ्या खर्चात मिळणारे यापेक्षा चांगले संरक्षण दुसरे नाही. विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असल्याने साबणाने तो लवकर नष्ट होतो, म्हणून आत जाताना व बाहेर येताना हात साबणाने धुण्याचा आग्रह आम्ही धरतो. खुराडे आधी खरवडून व झाडून स्वच्छ करावे आणि मगच फवारणी करावी, कारण साचलेल्या घाणीवर कोणतेही जंतुनाशक नीट काम करत नाही. पशुसंवर्धन विभागाने सुचवलेले, एक लिटर पाण्यात सात ग्रॅम धुण्याचा सोडा हे द्रावण कोणत्याही घराला परवडते, आणि ते पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा फवारायचे असते.

मोकळी हिंडणारी कोंबडी कोंडली की नवे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे दिल्याशिवाय केवळ ‘कोंडून ठेवा’ म्हणणे अन्यायाचे आहे. बाहेर तिला किडे, हिरवा पाला, खडे आणि माती मिळते. आत यातले काहीच नसते, म्हणून ती दुसरीची पिसे उपटू लागते आणि अंडी कमी होतात. आम्ही प्रत्येक पक्ष्यामागे निदान दोन चौरस फूट जागा ठेवायला सांगतो, शेवग्याचा किंवा लसूणघासाचा पाला जुडी बांधून टांगायला सांगतो, शिंपल्याची भुकटी आणि बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवायला सांगतो. एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती असली की कोंबड्या त्यात धुळीची अंघोळ करतात व शांत राहतात. खाली तुसाची गादी चार बोटे जाड असावी, ती रोज वरखाली करावी आणि ओल दिसली की थोडा चुना मिसळावा. थंडीत लोक गोणपाट लावून खुराडे चोहोबाजूंनी बंद करतात. वरची वीतभर जागा हवेसाठी उघडी न राहिल्यास आत अमोनियाचा वास कोंडतो, कोंबड्यांचे डोळे पाणावतात आणि सर्दीचे विकार सुरू होतात. बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत, आणि नवा पक्षी आणल्यास तो महिनाभर वेगळा डालावा, मग तो पाहुण्यांनी प्रेमाने दिलेला का असेना.

सर्वांत नाजूक बाब म्हणजे संशय आल्यावर कळवणे. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, तो कापू नये, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये, उरलेल्या कोंबड्या घाईने विकू नयेत, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर लगेच कळवावे. लोक कळवत नाहीत याचे कारण आम्ही जाणतो. निदान झाले की बाधित ठिकाणापासून एक किलोमीटर परिसरातील पाळीव कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवली जाते. शेजाऱ्यांचा रोष आपल्यावर येईल ही भीती खोटी नाही. 2021 मध्ये अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीसाठी 90 रुपये आणि मांसल कोंबडीसाठी 70 रुपये नुकसानभरपाई ठरलेली होती, आणि हौसेने वाढवलेल्या गावरान कोंबडीच्या मानाने ती फारच कमी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि ही भरपाई शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांना मिळते, आधीच मेलेल्यांना मिळत नाही. जेवढा उशीर होतो तेवढी भरपाई हातची जाते आणि घरातील माणसांचा, विशेषतः खुराडे झाडणाऱ्या बायकांचा आणि पिल्लांशी खेळणाऱ्या मुलांचा, बाधित पक्ष्यांशी संपर्क वाढतो. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण झाला तर तो गंभीर असू शकतो, म्हणून ही गोष्ट पैशाच्या हिशोबाच्या वर ठेवावी लागते.

ग्राहक परत यायला वेळ लागला. अंडी आणि मांस 70 अंश सेल्सिअसच्या वर नीट शिजवले की विषाणू उरत नाही, आणि आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीत रस्सा यापेक्षा कितीतरी अधिक तापतो, हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगत राहिलो. 2022 मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आणि 2025 च्या जानेवारीत रायगडमधील उरण तालुक्यातील चिरनेरला रोग आढळला, तेव्हा मात्र आमच्या वस्त्यांवरून आलेल्या फोनचा सूर बदललेला होता. ‘चिकन खायचे की नाही’ याऐवजी ‘दादा, ताडपत्री कधी मिळेल’ आणि ‘आमच्या लसीची तारीख कोणती’ असे प्रश्न ताई आणि मावशी विचारत होत्या.

आता आमचा एक नियम झाला आहे : ज्या घरी छपराचे खुराडे नाही, त्या घरी आम्ही पिल्ले देत नाही. खुराड्याचा खर्च एकदम झेपत नसेल तर तो हप्त्याने घेतो, किंवा घरचे बांबू आणि जुने पत्रे वापरून फक्त जाळी व मजुरीचे पैसे घेतो. यामुळे काही गिऱ्हाइके आठवडे बाजारातील फिरत्या विक्रेत्याकडे गेली आणि आमची विक्री वर्षभर घटली. यंदा दसऱ्यानंतर, पाहुणे पक्षी जलाशयावर उतरण्याआधी, पाहणीची फेरी सुरू होईल. ती आटोपल्यावरच हिवाळ्याच्या पहिल्या बॅचची नोंदणी आम्ही उघडणार आहोत.