नदीचा सातबारा

६ जुलै २०२५ ला फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कमधली ती पांढरी तीन मजली बोट, लिबर्टी बेल, शेवटची फेरी मारून धक्क्याला लागली आणि दुसऱ्या दिवसापासून नदी बंद. नदी बंद कशी होते असं वाटेल, पण तिथं होते, कारण ती मुळात खणलेलीच होती. बोट गेली, मधलं टॉम सॉयरचं, म्हणजे मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या त्या खोडकर पोराचं, बेट गेलं, बेटावर नेणारे तराफे गेले, आणि त्या जागी आता बोलणाऱ्या मोटारगाड्यांच्या सिनेमावरचा नवा भाग होणार, डोंगर, धबधबे, उसळणारी कारंजी आणि त्यातून उड्या मारत जाणारी गाड्यांची रॅली. मुलं खूश आहेत. मोठी माणसं रडली. खरंच रडली, मी व्हिडिओ बघितलेत, पन्नाशीचे बाप्ये टोपी काढून कठड्याला टेकून उभे आणि डोळे पुसतायत.

आमच्या घरी यावर दोन तट पडले. नवरा म्हणाला, अगं बोट आहे ती, आणि तीही रुळावरून चालणारी. हो, रुळावरूनच. पाण्याखाली रूळ होता, त्यामुळे वर कॅप्टनने चाक फिरवलं काय न फिरवलं काय, बोट जायची तिथंच जायची. पण मागचं ते पाणी कापणारं मोठं चाक मात्र खरोखरच्या वाफेवर फिरायचं, खालच्या मजल्यावर बॉयलर आणि यंत्रं डोळ्यांनी बघता यायची, भोंगा वाजला की छातीत हलायचं. म्हणजे नदी खोटी, कॅप्टन खोटा आणि वाफ खरी. असली भेसळ मला फार आवडते, सगळंच खोटं असतं तर मीसुद्धा एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे पार्क उघडलं १ ऑक्टोबर १९७१ ला, आणि नदी तेव्हापासूनची. पहिल्या बोटीचं नाव अॅडमिरल जो फाउलर, हा गृहस्थ खरोखरच नौदलातून निवृत्त झालेला अॅडमिरल, त्याच्याच देखरेखीखाली ही पार्कं बांधली गेली. दुसरी बोट १९७३ मध्ये आली, तीच पुढे १९९६ मध्ये नाव बदलून लिबर्टी बेल झाली. बेट उघडलं तेही १९७३ मध्येच, आणि बेटावर काय होतं तर म्हटलं तर काहीच नाही. एक अंधारी गुहा, एक पाणचक्की, पिंपांवर तरंगणारा हलता पूल, लाकडी किल्ला आणि किल्ल्यातून गुपचूप बाहेर पडायचा बोगदा. ना बेल्ट लावायचा, ना उंची मोजायची. पोरांना सोडून द्यायचं. पूर्वी तर म्हणे तिथले कर्मचारी बेटावर रंगाचे ब्रश लपवून ठेवायचे, टॉमने कुंपण रंगवायचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात मारलं होतं ना, त्यातले, आणि पोराने ब्रश शोधून आणून दिला की त्याला काहीतरी बक्षीस मिळायचं.

आता यात आपला काय संबंध? तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाचे आईवडील उन्हाळ्यात येतात आणि ते आले की नायगारा आणि डिस्ने हे दोन कार्यक्रम चुकत नाहीत. नायगारा सोपा, बघायचा आणि फोटो काढायचे. डिस्नेमध्ये खरी पंचाईत. प्रत्येक राइडच्या तोंडाशी पाटी, ब्लड प्रेशर असेल तर बसू नका, हृदयविकार असेल तर बसू नका, मान, पाठ, काही ऑपरेशन झालं असेल तर बसू नका. आपल्या साठीपुढच्या मंडळींकडे बघून कुणीतरी मुद्दाम यादी केल्यासारखी पाटी. म्हणजे एवढं तिकीट काढून आत नेलेल्या आईवडिलांना बसवायचं कुठं, हा प्रश्न ऑर्लँडोला गेलेल्या प्रत्येक मराठी घराला पडलेला आहे, आणि त्याचं उत्तर गेली कित्येक वर्षं ती नदी होती.

बोटीवर वरच्या मजल्यावर वारा लागायचा, पाय मोकळे करता यायचे, पंधरा-वीस मिनिटांत फेरी पूर्ण आणि परत बसलं तरी कुणी काही म्हणायचं नाही. बेटावर तर टॉमच्या मावशीच्या, आंट पॉलीच्या घराच्या ओसरीत बसून समोर बोट जाताना बघायची. डिस्नेमध्ये घरचं खाणं आत नेता येतं, ही माहिती मराठी माणसाला पार्कच्या नकाशाआधी पाठ असते, त्यामुळे तिथं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाच्या लोणच्याचा डबा उघडला जायचा. शेजारचे अमेरिकन आजोबा बघायचे, आई त्यांना पुरी द्यायची, ते घ्यायचे. हे तुम्ही मला रोलर कोस्टरच्या रांगेत करून दाखवा.

माझे बाबा सांगलीचे, त्यातून पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे हे ज्यांच्या घरी चहाआधी बोललं जातं त्यातले. त्यांनी ही नदी बघितली आणि पहिला प्रश्न, हिची पातळी एवढी सारखी कशी, दार कुठाय? मग पाणी येतं कुठून, जातं कुठं, गाळ कधी काढतात. बाबांना मी सांगितलं की हा सगळा भाग मुळात दलदलीचा, पार्कसमोरचा तो मोठा तलाव खणला आणि ती माती इकडे टाकून पार्कच उंच केलं, आपण चालतोय तो प्रत्यक्षात दुसरा मजला आहे, खाली कर्मचाऱ्यांचे रस्ते आहेत. झालं, त्यांना दिवसभराचं खाद्य मिळालं. सिंडरेलाच्या किल्ल्याकडे त्यांनी ढुंकून बघितलं नाही, पण त्या बोटीत ते परत परत बसले, आणि कठड्यावरून वाकून पाण्यात रूळ दिसतोय का बघत राहिले. पाणी इतकं गढूळ की दिसायचं नाही. आई म्हणाली, अहो पडाल, तर म्हणाले, पडलो तर कळेल तरी किती खोल आहे.

हे झालं आमचं. पण पार्कवर जीव टाकणारे फॅन्स जे असतात ना, त्यांचं दुःख वेगळ्याच पातळीवरचं असतं आणि त्याला इतिहास आहे. १९९७ मध्ये याच पार्कात मिस्टर टोड नावाच्या गोष्टीतल्या बेडकाची राइड बंद होणार अशी कुणकुण लागली तेव्हा लोक चक्क टीशर्ट घालून राइडपाशी जमले, निदर्शनं केली. उपयोग शून्य, सप्टेंबर १९९८ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथं विनी द पू आला. पण एक गोष्ट त्यांनी छान केली. पूच्या राइडमध्ये आत एक फोटो लावलाय, मिस्टर टोड घुबडाच्या हातात जागेचे कागद देतोय. म्हणजे रीतसर खरेदीखत, सातबाऱ्यावर नाव चढलं, आता कुणी तक्रार करायची नाही. शेजारच्या युनिव्हर्सलमध्ये २०१२ च्या जानेवारीत शार्कची राइड बंद केली आणि अडीच वर्षांनी तिथं हॅरी पॉटरमधली जादूगारांची गल्ली उभी राहिली, ती इतकी देखणी की शार्कवाल्यांनाही तक्रार करताना जीभ जड झाली. आणि २०२३ मध्ये मॅजिक किंगडममधली स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली राइड बंद झाली तेव्हा तर लोकांनी तिथलं पाणी बरण्यांत भरून ऑनलाइन विकायला काढलं. गंगाजल घरात ठेवणाऱ्या आपण त्यांना हसावं का, याचा मी विचार केला आणि नाही हसले.

विरुद्ध बाजूचे लोकही फॅन्सच असतात, आणि त्यांच्याकडे हुकमी पत्ता असतो तो म्हणजे खुद्द वॉल्ट डिस्ने. जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नेलँड पूर्ण होणार नाही, असं तो म्हणून गेलाय, त्यामुळे काहीही पाडलं की हे वाक्य तोंडावर फेकतात. दुसरा त्यांचा मुद्दा जास्त बोचरा, की तुम्हाला एवढं प्रेम होतं तर तुम्ही बसलात कधी त्या बोटीत? एरवी ती अर्धी रिकामी जायची. शेवटच्या दिवसांत गर्दी झाली, ती आधी का नाही झाली? आणि हे खरंच आहे, नाकारता येत नाही. एवढी जागा, एवढं पाणी, रोज बॉयलर पेटवायचा, आणि त्यावर माणसं किती, तर एखाद्या छोट्या गोल फिरणाऱ्या राइडवर तासाभरात त्याहून जास्त बसून जात असतील. कंपनीने काय करावं?

फक्त माझं म्हणणं असं की मोजणारा माणूस धक्क्यावर उभा राहून मोजत होता आणि नदी वापरली जात होती भलतीकडेच. ती बोटीत न बसता वापरायची गोष्ट होती. लिबर्टी स्क्वेअरकडून फ्रंटियरलँडकडे चालत जाताना डाव्या हाताला दुकानं, उजव्या हाताला पाणी, तेवढ्या पट्ट्यात माणसाचा श्वास जागेवर यायचा. हाँटेड मॅन्शनचं भुताचं घर टेकाडावर एकटं वाटायचं कारण त्याच्यासमोर काही नव्हतं. बिग थंडर माउंटनची गाडी धडधडत उतरायची ती बोटीवरून बघितली की दिसायची पूर्ण, रांगेतून नाही. रात्री सगळे दिवे पाण्यात दुप्पट व्हायचे. बाकावर बसून पोराला दूध पाजणारी बाई, रुसलेल्या नवऱ्याची समजूत घालणारी बाई, पाय सुजलेली आजी, यातलं कुणी बोटीच्या आकड्यात येत नाही. पण ही सगळी नदीचीच गिऱ्हाइकं होती ना?

त्यात आता पार्क म्हणजे सकाळी उठून फोनवर बुकिंगची खिडकी उघडायची वाट बघायची, रांग टाळायला वेगळे पैसे भरायचे, अकरा चाळीसला हे, एक दहाला ते, आणि मध्ये जेवण बसवायचं. तुम्ही मुलांच्या दहावीचं टाइमटेबल केलं असेल तर जमेल. अशा दिवसात बोट ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी आगाऊ काही करावं लागायचं नाही, आली की चढायचं. रांग टाळायचा पास त्याच गोष्टीचा विकता येतो जिला रांग असते, आणि कठड्याला टेकून उभं राहायला रांग लागत नाही, त्यामुळे त्या कठड्याची बाजू मांडणारं हिशोबाच्या मीटिंगमध्ये कुणी नसणार हे उघडच आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये डिस्नेने आपल्या मोठ्या फॅन मेळाव्यात हे जाहीर केलं तेव्हा स्टेजवर नुसती गाड्यांची सुंदर चित्रं होती, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे नदीच्या जागेवर होणार हे स्पष्ट झालं ते नंतर, आणि मग टाळ्या वाजवलेल्या हातांनीच लोक टाइप करायला बसले. निम्मे भांडत होते थीमवरून, की जुन्या अमेरिकेच्या गावात बोलक्या गाड्या कशा. मला हे भांडण फारसं पटत नाही, खरं सांगायचं तर. नव्या भागाचं नाव पिस्टन पीक नॅशनल पार्क, डोंगर-लाकडं-धबधबे असा सगळा थाट आहे, झाडं लावून भुताच्या घराकडून गाड्या दिसणार नाहीत अशी आडोशाची सोयही करणार म्हणतात. ती मंडळी कामात हुशार आहेत, चांगलंच करतील. माझा पाच वर्षांचा भाचा त्या सिनेमातल्या लाल गाडीचं अंथरूण-पांघरूण-डबा-दप्तर सगळं बाळगून आहे, त्याला छोट्यांसाठीची वेगळी राइडही मिळणार, तो नदीची आठवण कशाला काढेल, आणि काढूही नये.

नदी पूर्ण जगातून गेलेली नाही हेही सांगते. कॅलिफोर्नियाच्या मूळ डिस्नेलँडमध्ये आहे, तिथलं मार्क ट्वेन नावाचं जहाज १९५५ पासून फिरतंय, नव्या स्टार वॉर्सच्या भागासाठी त्या नदीची लांबी कमी केली पण नदी ठेवली. टोकियोला आहे, पॅरिसला आहे. फ्लोरिडातच, जिथं जागा सगळ्यात जास्त, तिथंच नेमकी जागा कमी पडली, हा विनोद फॅन्स करून करून दमले.

बाबांना मी बातमी पाठवली तेव्हा त्यांना दुःख वगैरे झालं नाही. त्यांचा मेसेज, पाणी कुठं सोडलं? मासे होते का? पंप किती हॉर्सपॉवरचे? मला यातलं एकही उत्तर माहीत नव्हतं, म्हणून मी रडणारे इमोजी पाठवले, त्यावर त्यांनी अंगठा पाठवला.

तर आता दिवाळीनंतर सासूबाई येणार आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मॅजिक किंगडम बघायचंच म्हणतात कारण त्यांच्या भिशीतल्या दोघी बघून आल्यात. नवरा म्हणतो टुमॉरोलँडमधल्या वर फिरणाऱ्या त्या पीपलमूव्हरमध्ये बसवू, पण त्याला चढताना सरकता पट्टा आहे, तो मला नको. मी म्हणते हॉल ऑफ प्रेसिडेंट्स. तिथं एसी आहे, ऐसपैस खुर्च्या आहेत, सगळे राष्ट्राध्यक्ष यंत्रावर माना हलवत असतात, अंधार असतो आणि भाषण चालू असतं, त्यांना झोप मस्त लागेल. पण पुऱ्यांचा डबा तिथं उघडू देत नाहीत.