डोकं उडवलेला राजा

तिकिटं जमवायचा नाद आहे हे एकदा नात्यात कळलं की मग सुटका नाही. कुणाच्या तरी वाड्याची वाटणी होते, ट्रंक उघडते, आणि व्हॉट्सॅपवर फोटो येतो, खाली एकच ओळ, याचे किती येतील रे? आणि त्या फोटोत बहुतेक वेळा पोस्टाचं तिकीट नसतंच, असतं ते रेव्हेन्यू, म्हणजे पावतीवर-दस्तावर सरकारी कर भरल्याची खूण म्हणून लावायचं तिकीट. एक आण्याचं, सहाव्या जॉर्जचं, त्याच्या अंगावरून आडवी गेलेली कुणा आजोबांची सही आणि तारीख. मावशीला वाटतं शंभर वर्षं जुनं म्हणजे निदान दहा हजार तरी. आता तिला कसं सांगायचं की असली तिकिटं जुन्या बाजारात मूठभरून मिळतात.

मुळात ती इतकी का उरली ते बघा. १८९९ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टात वीस रुपयांच्या वरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लागायचं, आणि वीस रुपयांवरच्या पावत्या काय कमी का होत्या, घरभाडं, पगार, सोनाराचं बिल, सावकाराची परतफेड. त्यात आपली माणसं पावती फेकत नाहीत, सुईदोऱ्यात ओवून खुंटीला टांगतात. सही तिकिटावरूनच जायला हवी असाही नियमच होता, म्हणजे तेच तिकीट परत वापरता येऊ नये. त्यामुळे पोस्टाच्या तिकिटावर पेनाची रेघ दिसली की जो कलेक्टर नाक मुरडतो त्याने इथे मुरडायचं कारण नाही, रेव्हेन्यूला पेन हाच शिक्का.

ओळखायचं म्हणाल तर आधी त्यावर लिहिलंय काय ते वाचावं, लोक वाचतच नाहीत, राजा बघतात आणि थांबतात. रेव्हेन्यू, कोर्ट फी, फॉरेन बिल (म्हणजे परदेशी हुंडीवर लावायचं), शेअर ट्रान्सफर, नोटरियल, अशी प्रत्येक कामाची वेगळी जात आहे. मग राजा किंवा राणी. मग पैसे, कारण आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते ६४ च्या मधलं, एवढा सोपा हिशोब दुसरा नाही. आणि शेवटी उजेडासमोर धरून वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, बघायचा, व्हिक्टोरिया राणीच्या जुन्या तिकिटांत १८६५ पासून हत्तीचं डोकं येतं, पुढे तारा आला. हत्ती पहिल्यांदा दिसतो तेव्हा माणूस उगाच खूश होतो, किमतीत फारसा फरक पडत नसला तरी.

माझी आवडती म्हणजे कोर्ट फीची. समोर आत्ता एक आहे, आठ आण्याचं, पाचवा जॉर्ज. राजाला चेहराच नाही. कपाळापासून दाढीपर्यंत गोल भोक, एका बाजूला अर्धा कान शिल्लक, वर मुकुटाची कड, खाली 'एट अ‍ॅनाज' मात्र एकदम शाबूत. हे उंदराने नाही केलेलं, कायद्याने केलंय. १८७० च्या कोर्ट फीज अ‍ॅक्टमध्येच लिहिलंय की तिकिटावरचं डोकं पंच करून काढायचं, रकमेला धक्का लावायचा नाही, आणि काढलेला तुकडा जाळून नाहीतर दुसरं काही करून नष्ट करायचा. म्हणजे बाहेर राजद्रोहाचे खटले चाललेत आणि आत कोर्टातला क्लार्क रोज सकाळी दहा वाजल्यापासून सम्राटांची डोकी उडवतोय आणि जाळतोय, तेही सम्राटांच्याच हुकमाने! तर असं भोक पडलेलं तिकीट फाटकं समजून टाकून देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाण्यात घालू नका. शाळेत शिकवलेलं असतं ना, तिकीट कागदासकट कापायचं, वाटीत कोमट पाण्यात टाकायचं, तरंगून वर आलं की वर्तमानपत्रावर वाळवायचं. लंडनच्या डे ला रू कंपनीने आपल्याकडची जुनी तिकिटं छापली (नाशिकरोडचा प्रेस १९२० च्या दशकात सुरू झाला तोवर तिकडूनच यायची) आणि त्यातल्या काही जांभळ्या-हिरव्या तिकिटांना मुद्दामच पाण्यात विरघळणारी शाई वापरली, की कुणी सही धुवून तिकीट परत चिकटवू नये. दीडशे वर्षांपूर्वीच्या लबाडांसाठी लावलेल्या त्या सापळ्यात आज आपले सज्जन हौशी लोक सापडतात, वाटीतलं पाणी जांभळं होतं आणि तिकीट पांढरं.

आणि रंग नाही गेला तरी तिकीट सोडवूच नये असं माझं ठाम मत आहे. रेव्हेन्यूची किंमत तिकिटात थोडी आणि खालच्या कागदात जास्त. सुटं एक आण्याचं तिकीट काही रुपयांचं, पण तेच एखाद्या गिरणीच्या शेअर सर्टिफिकेटवर, विलायती मालाच्या हुंडीवर, मोडीतल्या खरेदीखतावर असेल तर घेणारा थांबून विचार करतो. संस्थानांचं तर विचारू नका. सांगली, मिरज, जमखिंडी, औंध, भोर, फलटण, या सगळ्यांचे आपापले स्टॅम्प पेपर होते, मुलूख एवढासा, कागद छापले तेच मुळात थोडे, आणि १९४८-४९ ला संस्थानं विलीन झाल्यावर बाकीचे कुठे गेले कुणास ठाऊक.

महागातलं उदाहरण हवंच असेल तर १८६६ चं घ्या. पोस्टाला अचानक सहा आण्यांची तिकिटं हवी होती, तेव्हा सरकारने फॉरेन बिलची जांभळी तिकिटं घेतली, वरची आणि खालची पट्टी कापली आणि हिरव्या शाईत 'पोस्टेज' छापून दिली ठोकून. निव्वळ जुगाड, पण आज ते पोस्टाच्या तिकिटांच्या कॅटलॉगात मानाने बसलंय आणि त्याच्या नकलाही आहेत, त्यामुळे खरेपणाचं सर्टिफिकेट नसेल तर हात लावू नये.

कस्टम्सची तिकिटंही अशीच विचित्र. अमेरिकेत १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कस्टम हाऊससाठी खास तिकिटं निघाली, वीस सेंटपासून नव्वद सेंटपर्यंत आठ, सगळ्यांवर एकच गृहस्थ, सायलस राइट, न्यूयॉर्कचे एके काळचे गव्हर्नर. किरकोळ फी भरल्याची खूण म्हणून कागदावर लावायची, बस. १९१८ पर्यंत चालली. पूर्ण देशाची नाहीत, एका बंदराची, तरी पोस्टवाले कलेक्टर तिकडे बघायचे नाहीत आणि म्हणूनच आपल्यासारख्यांना परवडतात.

किंमत बघायला लोक ऑनलाइन जातात आणि तिथे कुणीतरी त्याच एक आण्याच्या तिकिटाला पन्नास हजार लावलेले असतात. लावायला काय जातंय, मी माझ्या स्कूटरलाही लावीन. विकलं गेलेल्यांचा फिल्टर लावून बघा, जमीन लगेच दिसते. कॅटलॉगातला आकडासुद्धा चांगल्या प्रतीचा असतो, कोपरा दुमडला, पिन गंजली, वाळवी लागली की तो आकडा विसरायचा.

आणि लॅमिनेशन. गेल्या दिवाळीत एका काकांकडे गेलो तर त्यांनी पणजोबांचं १९१२ चं खरेदीखत, वर एडवर्ड, चांगलं ठसठशीत मोडी, लॅमिनेट करून, सोनेरी फ्रेम करून बरोब्बर पश्चिमेच्या उन्हात टांगलेलं. 'कसं वाटलं?' म्हणाले. मी चकली उचलली आणि तोंड भरून घेतलं.