परत न येणारा सैनिक : ‘फायर एम्ब्लेम’विषयी

बुद्धिबळात मारला गेलेला घोडा पुढच्या डावात पुन्हा पटावर उभा असतो. ‘फायर एम्ब्लेम’मध्ये एकदा पडलेला तिरंदाज मात्र त्या मोहिमेपुरता कायमचा जातो आणि पुढच्या सगळ्या लढाया त्याच्यावाचून लढाव्या लागतात. इंटेलिजंट सिस्टिम्स या जपानी कंपनीची ही व्हिडिओ गेमची मालिका 1990 मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावर सुरू झाली, पण जपानबाहेर तिचा पहिला खेळ येण्यासाठी 2003 साल उजाडावे लागले. तोवर बाहेरच्या खेळाडूंना तिची ओळख होती ती ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या खेळातल्या मार्थ आणि रॉय या दोन योद्ध्यांपुरतीच. 2003 मधला गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवरचा तो खेळ मालिकेतला सातवा, आणि माझ्या मते हातात धरून खेळण्याच्या यंत्रासाठी सर्वांत विचारपूर्वक रचलेल्या खेळांपैकी एक.

कथा घडते ती लिसियात. हे एकसंध राज्य नसून सरदारांच्या जहागिऱ्यांचा संघ आहे, आणि एलिवुड व हेक्टर हे अशाच दोन घराण्यांतले तरुण. तिसरी नायिका लिन गवताळ मैदानांत वाढलेली आहे. तिची सुरुवातीची प्रकरणे म्हणजे खेळ शिकवण्याची शाळाच असून, अनुभवी माणसाला ती कंटाळवाणी वाटतील इतकी बोट धरून चालवतात. खलनायकही मला फारसा पटलेला नाही.

लढाईचे नियम मात्र मोजकेच आहेत आणि ते एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत. तलवार कुऱ्हाडीवर, कुऱ्हाड भाल्यावर आणि भाला तलवारीवर वरचढ ठरतो, पण हा फायदा लहानसाच, म्हणजे नेम लागण्याच्या टक्केवारीत 15 आणि माऱ्याच्या गुणांत 1 एवढाच असतो. त्यामुळे केवळ योग्य शस्त्र निवडून निभावत नाही, तर सैनिक पटावरच्या जंगलाच्या चौकोनात उभा आहे की उघड्यावर, हेही पाहावे लागते. शस्त्रेही वापरून झिजतात आणि शेवटी मोडतात, म्हणून चांगली तलवार कोणावर खर्च करायची हा प्रश्न प्रत्येक पाळीत उभा राहतो.

वार करण्याआधी नेम लागण्याची शक्यता पडद्यावर दिसते, आणि या आकड्यामागे एक मजेदार लबाडी आहे. खेळ एकाऐवजी दोन यादृच्छिक संख्या काढून त्यांची सरासरी घेतो आणि ती दाखवलेल्या आकड्याखाली आली तर वार लागतो; अशी सरासरी बहुधा मधल्या आकड्यांजवळ पडते, त्यामुळे 75 टक्के लिहिलेला वार प्रत्यक्षात सुमारे 88 टक्के वेळा लागतो, तर 10 टक्क्यांचा वार जेमतेम 2 टक्के वेळा. माणसाला 75 म्हणजे ‘जवळजवळ नक्की’ असेच वाटत असते आणि रचनाकारांनी गणित त्या समजुतीला जुळवून घेतले आहे. एक चुकलेला वार जिथे एक माणूस कायमचा हिरावून घेऊ शकतो, तिथे ही लबाडी मला क्षम्यच नव्हे, आवश्यक वाटते.

खरी परीक्षा आहे ती मार्कसची. एलिवुडच्या पदरी असलेला हा मुरलेला घोडेस्वार सुरुवातीला कोणत्याही शत्रूला सहज लोळवतो, पण त्याच्या वाट्याला अनुभवाचे गुण फारच थोडे येतात, आणि त्याने मारलेला प्रत्येक शत्रू म्हणजे नवख्या पोरांची हुकलेली शिकवणी. उलट त्याला मागे ठेवावे, तर नवखे आघाडीवर जातात आणि त्यांच्यातला एखादा परत येत नाही. शिवाय पाळीअखेर शेजारी उभ्या राहिलेल्या काही ठरावीक जोड्यांची मैत्री हळूहळू वाढते, त्यांच्यात लहान लहान संवाद घडतात आणि लढताना दोघांनाही बळ मिळते. जोडीतला एक गेला की ते सगळे संपते.

धुक्यातल्या लढाया मला आजही अन्यायकारक वाटतात. शत्रू नजरेस पडण्याआधीच वार करतो आणि मृत्यूचा नियम तिथेही तितकाच कठोर असतो, म्हणून अशा प्रकरणांत मी मार्कसला बिनदिक्कत सर्वांत पुढे ठेवतो आणि अनुभव वाया गेला तरी चालवून घेतो.