पिवळ्या डब्यातली चार मिनिटं

"ताई, आमच्या माळ्यावर लंकादहन आहे."

फोनवरचा मुलगा इतक्या खात्रीनं बोलला की माझा हात थरथरला. जुन्या नाशकातला वाडा, तिळभांडेश्वर गल्लीच्या बाजूचा. पावसाळ्याआधी पाडायचा ठरलेला. पणजोबांना सिनेमाचं वेड होतं, फाळक्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी त्यांना एक डबा दिला होता, एवढीच गोष्ट घरात तीन पिढ्या चालत आलेली.

अशा गोष्टी मी पुष्कळ ऐकल्यात आणि बहुतेक खोट्या निघाल्यात. तरी नाशकात त्या उडवून लावता येत नाहीत. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लागला आणि त्यानंतर दादासाहेब आपला कारखाना इथे घेऊन आले. 'लंकादहन' १९१७ चा. त्यात राम आणि सीता, दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या. त्या चित्रपटाचे आज काही तुकडेच उरलेत. आपल्याकडे सुमारे १३०० मूकपट झाले. त्यातले जेमतेम तीस हाती आहेत, तेही बरेचसे अपुरे.

मी फिल्म तपासायला शिकले पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. तिथेच 'कालियामर्दन' पहिल्यांदा बघितला. चित्रपट सुरू होण्याआधी दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी समोर येते आणि राग, हसू, रडू असे एकेक भाव करून दाखवते. मग हळूहळू तिचा कृष्ण होतो. हे सगळं १९१९ साली नाशकातल्या कंपनीत झालं. मी नाशिकची, आणि ते पोरीचं तोंड मला पुण्यात जाऊन बघावं लागलं. त्या दिवसापासून नाशकातल्या प्रत्येक माळ्याबद्दल मला आशा वाटते.

वाड्यात पोचले तेव्हा आजी ओसरीवर वाट बघत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. मी आधी एक विनंती केली, की देवघरातली समई शांत करा आणि गॅस बंद ठेवा. आजींच्या कपाळाला आठी पडली. मी त्यांना समजावलं. १९५० च्या आधीची पस्तीस मिलिमीटरची फिल्म बहुतेक नायट्रेटची असते. ती आपला प्राणवायू स्वतःच तयार करते, त्यामुळे एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि हजारो रिळं गेली. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः उठून समई शांत केली.

माळ्यावर अकरा डबे निघाले. सगळ्यात खालचा गंजून तळाला चिकटलेला. "हाच तो," मुलगा म्हणाला.

तो मी अंगणात, सावलीत उघडला. वास आला तेव्हाच कळलं होतं. आत रीळ नव्हतंच. कडेला डिंकासारखा चिकट तपकिरी थर आणि मधे भुकटी. नायट्रेट कुजतं ते असं. आधी चित्र फिकं पडतं, मग फिल्मचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, मग त्यांचा गोळा होतो आणि शेवटी भुकटी. थरात बोटभर लांबीचा एक तुकडा अजून अखंड होता. कडेची भोकं दिसत होती, पस्तीस मिलिमीटर नक्की. भिंग लावून उन्हाकडे धरला. पिवळट काच असावी तसं आरपार दिसलं. चित्र नाही, अक्षर नाही. लंकादहन होतं का? सांगता येत नाही, आणि आता कधीच सांगता येणार नाही. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मला त्याच्याशी खोटंही बोलवेना आणि खरंही.

भुकटी पाण्याच्या बादलीत बुडवली आणि अग्निशमन दलाला फोन केला. ते काम त्यांच्याकडूनच करून घ्यावं लागतं.

मग नऊ डबे सोळा मिलिमीटरचे. झाकण काढलं की लोणच्याच्या व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात घुसायचा. ॲसिटेट फिल्म, म्हणजे नायट्रेटसारखी न भडकणारी, कुजायला लागली की हा वास येतो, ती आकसते आणि वेडीवाकडी होते. सरकारी समाचारपटांच्या प्रती होत्या, गावोगाव दाखवून झिजलेल्या. त्यांची नोंद करून बाजूला ठेवल्या.

अकरावा डबा लहान, पिवळा, कोडॅकचा. शंभर फुटी. आतली गुंडाळी मऊ होती, वास अगदी नावापुरता. दोन्ही कडांना भोकं, म्हणजे मूक. पहिली दोन हात फिल्म उलगडून लाइट बॉक्सवर ठेवली आणि माझा श्वास अडकला. चित्र सरळ होतं, काळं ते काळं, पांढरं ते पांढरं, आणि सबंध शंभर फुटांत एकही जोड नव्हता. म्हणजे रिव्हर्सल. कॅमेऱ्यातून जी फिल्म निघाली तीच धुऊन दाखवायची, तिची निगेटिव्ह नसते. जगात ही एकच प्रत.

कडेला दोन गोल ठिपके होते. कोडॅक फिल्मच्या कडेला ती बनवल्याच्या वर्षाची खूण छापायचे आणि दर वीस वर्षांनी तीच खूण परत यायची. दोन गोल म्हणजे १९१९, १९३९, १९५९ किंवा १९७९. सोळा मिलिमीटर फिल्मच १९२३ ला आली, म्हणून १९१९ बाद. १९३९ चा निकाल एका बसनं लावला. गोदेच्या काठावर, गर्दीच्या मागे, एसटी उभी होती. एसटी सुरू झाली १९४८ मध्ये. म्हणजे फिल्म बहुधा १९५९ ची आणि चित्रण त्यानंतर थोड्याच काळातलं.

"मामंजींच्या गळ्यात कायम कॅमेरा असायचा," आजी म्हणाल्या. "पण त्यांनी काय काढलंय ते आम्हा बायकांना कधी दिसलं नाही."

मी त्यांना लाइट बॉक्सपाशी बसवलं आणि डोळ्याला भिंग लावायला दिलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, ही कुंडं आहेत!"

गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती मीही ओळखला होता. पाणी त्याच्या कुठवर चढलं यावरून पूर मोजत आम्ही वाढलो. पण त्याच्या आसपास मला नुसत्या पायऱ्या आणि पाणी दिसत होतं. आजींना वेगवेगळी कुंडं दिसत होती. पुढे नदीच्या तळाला काँक्रीट आलं आणि त्यातली बरीचशी त्याखाली गेली. जुनी सतरा कुंडं होती असं आम्ही ऐकतो. माझ्या पिढीनं ती कागदावरच बघितलीत. इथे ती उन्हात होती, बायका त्यांच्या काठावर धुणी आपटत होत्या, एक पोरगं उडी मारायला वाकलं होतं.

सोळा मिलिमीटरच्या एका फुटात चाळीस चित्रं. शंभर फुटांत चार हजार, चालवली तर जेमतेम चार मिनिटं. आम्हाला संध्याकाळ झाली. मी रिवाइंडर बोटभर फिरवायची आणि थांबायची. आजी सांगायच्या, मी वहीत लिहायची. "हा रामकुंड. हा लक्ष्मणकुंड. थांब, मागे घे जरा. हा धनुषकुंड." मुलानं न सांगता मोबाइलवर त्यांचा आवाज भरायला घेतला होता. लंकादहनाचं नाव मग त्यानं काढलं नाही.

रात्री डब्यात ए-डी पट्टी ठेवली. आम्ल जास्त असेल तर ही निळी पट्टी हिरवी होते, मग पिवळी. सकाळी निळीच होती, कडेला किंचित हिरवट झाक. आकसणं एका टक्क्याच्या आत. स्कॅनरवर चढेल. प्रोजेक्टरवर मात्र मी ती कुणालाही चढवू देणार नाही. दुपारी संगमनेर, नारायणगाव करत डबा मांडीवर घेऊन पुण्याला निघाले. पी. के. नायर यांनी संग्रहालय उभं करताना चांगला चित्रपट, वाईट चित्रपट असा भेद केला नाही, जे मिळेल ते जपलं. मी काम शिकले ते त्यांनी घालून दिलेल्या या शिस्तीत, म्हणून हा डबा कुठे न्यायचा याचा विचार करावा लागला नाही.

नोंदीच्या तक्त्यात मी आजींनी सांगितलेली नावं चित्रांच्या क्रमांकासह भरलीत. दोन रकाने रिकामे आहेत. त्या जागी आजींनी भिंग खाली ठेवलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "ही दोन मला नाही आठवत गं. थोरल्या जाऊबाईंना पाठ होती."

जाऊबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या.