कोब्याखालची ओल

जुन्या गोदामाचा पुढचा भाग टाइल्सच्या शोरूमला आणि मागचा मालाला, असं ठरलं तेव्हा मी रंग, काचा, दिवे यांतच रमले होते. जमिनीकडे लक्षच नव्हतं. कोबा ठणठणीत कोरडा दिसत होता, म्हणून थेट इपॉक्सी, म्हणजे पाणी न झिरपणारा रेझिनचा थर, मारून घेतलं. तीन आठवड्यांत कोपऱ्यात नाण्याएवढे फुगे आले. एक नखाने टोकरला, तर आतून पाण्याचा थेंब निघाला आणि थर सालीसारखा सुटून हातात आला. पोटात गोळाच आला माझ्या.

कोब्याखाली ओल अडवणारा थर घातलेला नसेल तर जमिनीतली ओल वर येतच राहते. कोबा उघडा असला की ती उडून जाते, त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. आम्ही इपॉक्सीने तिची वाटच बंद केली होती.

मिस्त्रींनी मग जी तपासणी केली, ती आधीच व्हायला हवी होती. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिक, चारही कडा टेपने पक्क्या, आणि किमान 16 तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्लास्टिकला आतून दव साचलेलं, खालचा कोबा काळपट पडलेला. "ताई, आता तुम्हीच सांगा, याच्यावर काय टिकणार?" मिस्त्री म्हणाले.

सगळं खरवडून काढलं. मागे फोर्कलिफ्टच्या वाटेवर कोबा घासून त्यात मुरणारं हार्डनर दिलं. त्याने धूळ सुटायची थांबते आणि ओलीची वाटही मोकळी राहते. पुढे आमच्याच टाइल्स सिमेंटवर बसवल्या. त्यांना एवढ्या ओलीचं काही वाटत नाही.

मधली भिंत थेट छताच्या पत्र्यापर्यंत नेली. वर फट ठेवली असती तर मागची धूळ रोज शोरूममधल्या नमुन्यांवर बसली असती. रॅकवरचा माल छताजवळच्या, आग विझवायला पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या किमान 18 इंच खाली थांबतो, नाहीतर पाणी पसरतच नाही. जुने सोडियमचे दिवे मात्र मी हट्टाने काढायला लावले. त्यांच्या उजेडात राखाडी टाइलही पिवळी दिसायची, आणि गिऱ्हाईक तर रंग बघायलाच येतं.

ऑफिसची खोली अजून बाकी आहे. आज संध्याकाळी तिथे चार ठिकाणी प्लास्टिक चिकटवलंय. उद्या दुपारी उघडून बघणार.